झाडाला टांगलेली चावी

माझ्या ऑफिसात एक स्टीलचं कपाट आहे. लोकांच्या कपाटात फायली असतात, माझ्या कपाटात मेलचा सर्व्हर आहे. कपाटाला पंखा बसवलाय, दाराला कुलूप आहे आणि ते दुसऱ्या मजल्यावर ठेवलंय. महाडात तळमजल्यावर ठेवलेली वस्तू नदीच्या मालकीची असते, आपण ती फक्त पुढच्या पुरापर्यंत वापरायची.

लोक विचारतात, शेठ, अख्ख्या जगाला मेल फुकटात मिळतं, तुम्ही हे कपाट कशाला पोसता? याचं उत्तर द्यायचं तर मला माझ्या जुन्या भागीदाराबद्दल बोलावं लागतं. त्याच्याबद्दल बोलायचा मला कंटाळा येत नाही.

आम्ही दोघांनी मिळून धंदा सुरू केला. औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या गेटवर उभं राहायचं, रिकामी पिंपं विकत घ्यायची, धुऊन विकायची. पुढे पंप आले, व्हॉल्व्ह आले, गास्केट आले. घासाघीस मी करायचो आणि मेल तो बघायचा, कारण त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं. निदान तो तसं म्हणायचा. पासवर्ड एकच होता आणि तो त्याच्या डोक्यात होता. मग आमचं बिनसलं. टेबलांची वाटणी झाली, खुर्च्यांची झाली. वजनकाट्यावरून तर इतकी जुंपली की शेजारच्या गॅरेजवाल्याने शटर खाली ओढून घेतलं. शेवटी काटा मी मिळवला. पण पासवर्डचीही वाटणी करायची असते, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. पुढे कित्येक महिने माझ्या गिऱ्हाइकांची पत्रं तो वाचत होता, माझा भाव बघून आपला भाव लावत होता आणि मी इकडे वजनकाटा पुसत बसलो होतो.

तेव्हापासून मेल माझ्या कपाटात. नियम एकच, ऑफिसच्या भिंतींच्या आत बसूनच मेल उघडायचं. घरून नाही, मोबाइलवर नाही, लग्नाच्या मांडवातून नाही. भागीदाराने वसाहतीतच, माझ्यापासून दोन वळणांवर दुकान टाकलंय. मी त्याला रोज दिसतो, माझा भाव दिसत नाही.

हा नियम मोडायची वेळ आणली ती आमच्या कोटेशनवाल्या बाईंनी.

बाई कुडपणच्या सूनबाई. रोज डोंगर उतरून पोलादपुरात यायच्या आणि तिथून महाडला. कुठल्या कारखान्याचा खरेदीवाला सूट मागतो, कुठला उधारी मागतो, कुणाला पहिल्या ओळीत ‘आदरणीय’ लिहिलं नाही की राग येतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. दर आम्ही दोघं मिळून ठरवतो, पण कोटेशन त्या लिहितात. मी लिहिलेलं कोटेशन एकदा एका कंपनीने वकिलाला दाखवलं होतं.

गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईला परत गेले आणि त्याच आठवड्यात बाईंच्या सासूबाई गोठ्यात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. बाईंचे यजमान मुंबईला नोकरीला. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“शेठ, मला आता रोज खाली उतरता येणार नाय.”

“महिनाभर सुट्टी घ्या.”

“सासूबाईंचं हाड तुमचं कॅलेंडर बघून जुळणार हाय का? मी घरून काम करते. पंचायतीपर्यंत केबल आलीय, तिथून आम्ही घरात तार घेतलीय. लॅपटॉप द्या आणि मेल उघडून द्या.”

“मेल भिंतीबाहेर जाणार नाही.”

“मग मीच भिंतीबाहेर जाते,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तुमच्या जुन्या भागीदारांनी विचारलंय. घरून चालेल म्हणाले.”

वसाहतीतल्या सगळ्यात मोठ्या औषध कारखान्याला वर्षभराच्या पुरवठ्याचे दर द्यायचे दिवस तोंडावर आले होते. बाई तिकडे गेल्या तर माझे सगळे दर त्यांच्याबरोबर चालत जाणार. सर्व्हरला कुलूप लावता येतं, माणसाच्या डोक्याला लावता येत नाही. म्हणजे बाईंना धरून ठेवायचं, त्यासाठी मेल कुडपणला न्यायचं आणि वाटेत ते कुणाच्या हाताला लागू द्यायचं नाही. मी पुण्याहून इंजिनिअर बोलावला.

इंजिनिअर म्हणजे सडपातळ, मृदू बोलणारा, चहा नको म्हणणारा मुलगा. चहा नको म्हणणाऱ्या माणसाशी घासाघीस करणं अवघड असतं, त्याला बसवून ठेवता येत नाही. मी त्याला सरळ सांगितलं, “हा सर्व्हर इंटरनेटला जोडा, बाई कुडपणहून पासवर्ड टाकतील, विषय संपला.”

“तसं केलं तर बाईंना जे दार दिसेल ते सगळ्या जगाला दिसेल, काका. मग जग त्यावर धडका मारत बसतं.” त्याने कागदावर डोंगर काढला आणि त्याच्या पोटातून एक नळी. “याला व्हीपीएन म्हणतात. कशेडीचा बोगदा समजा. आत कुठली गाडी चाललीय हे डोंगरावरच्या माणसाला दिसत नाही. बाईंनी आधी बोगद्यात शिरायचं, ओळख पटवायची, मगच पलीकडे मेल. सर्व्हर कपाटातच राहील, बाहेरून दिसणारसुद्धा नाही.”

हे मला आवडलं. आवडल्याचं मी तोंडावर दिसू दिलं नाही. माझी एक पद्धत आहे. समोरच्याकडे तीन गोष्टी मागायच्या, एक हट्टाने मागायची आणि शेवटी तीच सोडून द्यायची. त्याला जिंकल्यासारखं वाटतं आणि दोन आपल्या पदरात पडतात. मी म्हटलं, एकूण रकमेत सूट पाहिजे, वर्षभर देखभाल फुकट पाहिजे, आणि माणसागणिक वेगळा पासवर्ड नको, सगळ्यांना मिळून एकच द्या, स्वस्तात पडेल.

“एकच पासवर्ड तुमच्याकडे आधी होता ना?” इंजिनिअर म्हणाला. “भागीदार गेले तेव्हा काय झालं?”

हे त्याला खाली गॅरेजवाल्याने सांगितलं असणार.

“वेगळा असला की माणूस गेला की फक्त त्याचीच चावी बंद करायची,” तो म्हणाला. “बाकीच्यांना कळतसुद्धा नाही.”

मी वेगळे पासवर्ड मान्य केले. कुणाची तरी चावी बंद करता येते हे ऐकून मला दोन वळणांपलीकडच्या दुकानाची आठवण झाली आणि मन जरा हलकं झालं.

मग तो दुसऱ्या कुलपावर आला. नुसता पासवर्ड पुरत नाही म्हणे, तो कुणी बघतं, कुणी चोरतं. सोबत हातात असलेली एक वस्तू पाहिजे. त्याने खिशातून नखाएवढी चावी काढली, लॅपटॉपला खोचायची. ती खोचली आणि बोट लावलं तरच बोगद्याचं दार उघडणार. किंमत ऐकून मी त्याला चावी परत दिली.

“दुसरं काय?”

“मोबाइलवर ॲप. रेंज नसली तरी चालतं.”

“बाईंकडे बटणांचा फोन आहे.”

“मग त्यांना साधा स्मार्टफोन घेऊन द्या.”

“लॅपटॉप मी, तारेचं बिल मी, आता फोनही मी? त्यापेक्षा त्यांना सांगतो, नवऱ्यालाही मीच पगार देतो.”

“तिसरा मार्ग म्हणजे मेसेजवर ओटीपी,” तो नाखुशीने म्हणाला. “तिन्हीत हा सगळ्यात कच्चा. आणि त्यांच्या घरात मोबाइलला रेंज पाहिजे. आहे ना?”

“आहे,” मी म्हटलं. सौदा तुटायला आला की मला सगळीकडे रेंज दिसते.

पहिले काही आठवडे झकास गेले. बाई कुडपणहून कोटेशनं लिहीत होत्या, मी महाडात बसून वाचत होतो, भागीदार दोन वळणांवर बसून काहीच वाचत नव्हता. औषध कारखान्याचे दर आम्ही पक्के करत आणले. मग एक दिवस इंजिनिअरचा फोन आला. फुकट देखभालीचा हा पहिलाच फोन, म्हणून मी खुशीत उचलला.

“काका, बाईंच्या खात्यात काहीतरी विचित्र दिसतंय. ओटीपी थोडाच वेळ चालतो. माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडे लोक तो लगेच टाकतात. बाई दर वेळी अगदी संपता संपता टाकतात, आणि बऱ्याचदा दुसऱ्यांदा मागवतात. फोन त्यांच्याजवळ नसतो का? दुसऱ्या कुणाकडे आहे का?”

दुसऱ्या कुणाकडे, हे दोन शब्द माझ्या डोक्यात पेट्रोलसारखे गेले. मी बाईंचा नंबर लावला. बरीच रिंग झाली आणि एका म्हाताऱ्या माणसाने उचलला. मागे म्हैस हंबरत होती.

“कोन पायजे?”

“तुम्ही कोण? हा फोन बाईंचा आहे.”

“हाय की तिचाच. पिवल्या दोरीचा.”

“मग तुमच्या हातात कसा?”

“झाडाखाली मीच हाय. म्हशी चारतो.”

“बाई कुठायत?”

“घरी. निरोप द्येवा का?” आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, “तुमी त्ये पंपवाले शेठ का? सकाळपासून तुमचा आकडा तीनदा आला. आताचा सांगू?” आणि त्याने सांगितला. सहाच्या सहा आकडे, खणखणीत आवाजात, माझं उत्तर न ऐकता.

मी खुर्चीतून उठलो होतो. “बाईंना सांगा, मी उद्या वर येतोय.”

त्याने फोन तोंडापासून लांब धरला आणि डोंगर हलेल अशी हाळी दिली. “गो सूनबाय, शेठ येनार हाय उद्या. रागात हाय.” लांबून बारीकसं उत्तर आलं. मग तो फोनवर परत आला. “दुपारी जेवायलाच या म्हनते.”

दुसऱ्या दिवशी पोलादपुरात चहा घेऊन मी घाटाला लागलो. वर पठारावर पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की गाडीचं नाक दिसत नव्हतं. वाडीच्या अलीकडे, दरीच्या काठावर जांभळीचं एक झाड आहे. त्याच्या फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या लटकत होत्या, आणि प्रत्येक पिशवीत एक फोन. लाल दोरीचा, हिरव्या दोरीचा, साडीच्या काठाने बांधलेला. खालच्या टॉवरची रेंज पठारावर फक्त या एका झाडापर्यंत पोचते. सकाळी सगळी वाडी आपले फोन इथे टांगते आणि कामाला जाते. संध्याकाळी पोरी येऊन ते उतरवून नेतात, जसे दोरीवरचे कपडे.

झाडाखाली तो म्हातारा घोंगडी पांघरून बसला होता. मी आवाज चढवला. “बाबा, तो आकडा गुप्त असतो. कुणाला सांगायचा नसतो.”

“मंग सांगायचा नाय तर तिला कलनार कसा?”

“म्हणजे तुम्ही इथून ओरडता?”

“मी वरडतो. धुकं असलं तर विहिरीवरची बाई पुढं वरडते. अख्खी वाडी आयकते, म्हंजे चुकायची सोय नाय.” माझा चेहरा बघून त्याने समजूत घातली. “झाडाखाली जो असंल त्यानं फोन उचलायचा, मोठ्या आवाजात लावायचा आनि जसा हाय तसा निरोप पोचवायचा. मदलं काय गालायचं नाय. हितला नियम हाय.”

मी इंजिनिअरकडून बोगदा खणून घेतला होता, आणि त्याच्या दाराची चावी रोज विहिरीवरून ओरडून सांगितली जात होती.

मी आणखी काही बोलणार तोच म्हातारा उठला, म्हैस लांब गेली म्हणाला आणि धुक्यात शिरला. त्याच क्षणी पिवळ्या दोरीचा फोन वाजला. मी पिशवी उघडून नंबर बघितला. तो नंबर मला झोपेतसुद्धा पाठ आहे. माझा जुना भागीदार.

डोक्यावर गवताचे भारे घेऊन दोन बाया येत होत्या, त्या थांबल्या. “उचला की पावनं,” एक म्हणाली. “झाडाखाली तुमीच हाव.” आणि भारा सांभाळत हात लांबवून तिने स्वतःच मोठ्या आवाजाचं बटण दाबून दिलं.

“कोन?” मी शक्य तेवढ्या गावरान आवाजात म्हटलं.

“बाबा का?”

“बाबा म्हशीमागं गेलं. मी पावना.”

“बाईंना निरोप द्या. म्हणावं, त्या चिकट माणसाकडे किती दिवस घासणार? माझ्याकडे या. घरून काम, पगार त्याच्यापेक्षा जास्त, किती ते तुम्हीच सांगा. आणि नवा फोन घेऊन देतो.”

“चिकट म्हंजे कोन?”

“आहे एक. वजनकाट्यासाठी जीव देणारा.”

“काटा त्याच्या हक्काचा असंल,” मी म्हटलं.

पलीकडचा आवाज बदलला. “कोण बोलतंय?”

“पावना म्हटलं ना.”

“सांगा की लवकर,” भारेवाली म्हणाली. “ती वाट बगत असंल.”

निरोप गाळावा असं मनात आलं. पण दोघी तिथेच उभ्या, फोन चालू, आणि वाडीचा नियम. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भागीदाराच्या वतीने बोललो. घरून काम. पगार जास्त. किती ते तुम्हीच सांगा. नवा फोन.

“चिकट ऱ्हायलं,” दुसरी भारेवाली म्हणाली.

“चिकट माणसाकडे किती दिवस घासणार,” मी ओरडलो.

धुक्यातून कुठेतरी विहिरीवर हसल्याचा आवाज आला. मग बाईंचा आवाज, स्पष्ट, अजिबात घाई नसलेला. “आनि शेठ काय देनार, ते इचारा त्या पावन्याला.”

“शेठ?” माझ्या हातातला फोन म्हणाला. “तू तिथे काय करतोयस रे?”

“जेवायला आलोय.”

सौदा करताना मी नेहमी समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतो. इथे डोळे तर सोडाच, घरसुद्धा दिसत नव्हतं. अख्खी वाडी काम थांबवून ऐकत होती आणि प्रतिस्पर्धी माझ्याच हातात होता. मी ओरडलो, “काय पाहिजे?”

“पगारवाढ,” धुकं म्हणालं. “इंजिनिअरनी सांगितलेली ती चावी. आनि नवा फोन.”

“पगाराचं बघू. चावी महाग आहे. फोन मिळणार नाही.”

“मी देतो फोन,” भागीदार म्हणाला.

“तू गप.”

“चावी कशाला म्हणाल तर,” बाई ओरडल्या, “तुमच्या मेलचा आकडा अख्ख्या वाडीला नको. कारखान्याचे रेट उद्या पाठवायचेत. झाडावरून पाठवू का?”

हेच सांगायला मी डोंगर चढून आलो होतो. दुसरं कुलूप मलाच पाहिजे होतं. आता ते मी बाईंना दिलं असं होणार होतं.

“पगार आणि चावी,” मी म्हटलं. “फोन नाही. फोनचं नाव काढायचं नाही.”

पलीकडे जरा थांबून, मोठ्या कष्टाने, आवाज आला. “बरं. फोन ऱ्हाऊ द्या.”

वाडीने सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला, जिंकल्यासारखं वाटलं. झाडापासून घरापर्यंत चालत जाताना ते वाटणं विरत गेलं. तीन मागायच्या, एक हट्टाने मागायची, तीच सोडून द्यायची. इतकी वर्षं मी ऑफिसात बसून हा खेळ खेळतोय, आणि समोरच्या टेबलावर मान खाली घालून कोटेशनं लिहीत कोण ऐकत होतं, हे मला त्या धुक्यात नीट दिसलं.

घरी नाचणीची भाकरी आणि वालाची उसळ होती. खाटेवरून सासूबाईंनी मला निरखलं आणि सुनेला विचारलं, “ह्येच का गो ते चिकट?”

बाईंनी मला आणखी उसळ वाढली. जेवताना म्हाताराही आला, म्हशी बांधून. सहज म्हणाला, “त्या दुसऱ्या शेठचा फोन रोज ह्याच टायमाला येतो. सूनबाय आकडाच तेवढा घेते, त्यो निरोप घेत नाय. आजच मला म्हनाली, म्हशी जरा लांब न्या, पावनं झाडाखाली असू द्येत.”

बाईंनी त्याच्या ताटात भाकरी टाकली, जरा जोरातच.

चावी मागवेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. कारखान्याचे दर पाठवायचे म्हणून मी बाईंना दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून महाडात आणलं, मेल भिंतीच्या आत बसून गेलं आणि वर्षाचं काम आम्हालाच मिळालं. भागीदार म्हणतो, त्याचे दर जास्त होते म्हणून. जास्तच होते.

मग इंजिनिअरला फोन केला. चावीचा भाव मधल्या काळात वाढला होता. मी तीन गोष्टी मागितल्या. तो म्हणाला, “काका, एकच आहे, चावी. घेताय की नाही?” घेतली. आता बाई ती गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवून ठेवतात. पासवर्ड टाकतात, चावी खोचतात, बोट लावतात, बोगदा उघडतो. विहिरीवर कुणाला काही कळत नाही. म्हाताऱ्याला करमत नाही. मध्ये एकदा त्याने स्वतः मला फोन लावला, पिवळ्या दोरीवरूनच. “शेठ, आकडा येत नाय. धंदा बसला का?”

भागीदाराचा दुपारचा फोन मात्र अजून येतो. बाबा उचलतात, मोठ्या आवाजात लावतात आणि सांगतात, सूनबाय पंपवाल्या शेठच्या कामात हाय. मधलं काही गाळत नाहीत. मी बाईंना म्हटलं, त्या माणसाला एकदाचं नाही म्हणून सांगा, फोन बंद होतील, तुम्हालाही त्रास नको.

“असू द्या शेठ,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी लागेल.”